खेळांची घराणी

टँगो म्हणजे परदेशी नाच, एवढीच माझी माहिती होती. २०२४ सालच्या मे महिन्यात, सुटीतल्या सकाळच्या वर्गाला, माझा तबल्याचा एक विद्यार्थी अर्धा तास उशिरा आला. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. हात गोड, लय पक्की. पण त्या दिवशी तीनतालातला साधा कायदा त्याला धड निघेना. तिसऱ्यांदा सम चुकली तेव्हा मी लेहरा थांबवला आणि विचारले, “काय रे, घरी सगळं ठीक ना?”

“घरी ठीक आहे, गुरुजी. टँगो बंद केलं त्यांनी.”

“कोण टँगो?”

“स्टुडिओ. गेम बनवणारा. टोकियोचा.”

मी हसलो, हे कबूल केले पाहिजे. कोठे टोकियो आणि कोठे आमचे बडोदे! तिकडे एका व्हिडिओ गेमच्या कारखान्यास टाळे लागले म्हणून इकडे कोणाची सम चुकावी, ह्याचे मला हसू आले. “अरे, नोकऱ्या त्या लोकांच्या गेल्या. तुला काय?” असे मी म्हटलेही. त्याने उत्तर दिले नाही. वर्ग सुटल्यावर मात्र पिशवीतून लॅपटॉप काढला, हेडफोन माझ्या कानांवर चढवला आणि म्हणाला, “दहा मिनिटं ऐका, गुरुजी. बघू नका हवं तर, नुसतं ऐका.”

त्या खेळाचे नाव ‘हाय-फाय रश’. नायकाचे नाव चाय. (नाव ऐकून घरातून आमच्या मंडळींनी चहाचे आधण ठेवले, ते निराळे.) ह्या चायच्या छातीत अपघाताने गाणी वाजवण्याचे यंत्र बसते आणि तेव्हापासून त्याचे सारे जगच तालात चालू लागते. त्याचे पाऊल पडते ते मात्रेवर. भोवतालची यंत्रे, दिवे, झाडे हलतात ती मात्रेवर. शत्रू वार करतो तोही मात्रेवर. बरोबर एक यांत्रिक मांजर असते, ते ठोका दाखवीत राहते. खेळणाऱ्याने बटण नेमके मात्रेवर दाबले तर वार अधिक जोराचा बसतो. पण मला थक्क केले ते निराळ्याच गोष्टीने. खेळणारा बेताला असला, बटण अलीकडे-पलीकडे दाबले गेले, तरी पडद्यावरचा वार मात्रेवरच उतरतो. म्हणजे चुकलेल्यास तो खेळ सांभाळून घेतो. जातिवंत तबलजी हेच करतो. गवई अर्धी मात्रा घसरला तर त्याला चारचौघांत उघडा न पाडता ठेका असा आवरून घ्यायचा की श्रोत्यास पत्ता लागू नये. ही विद्या मला वडिलांनी सहा वर्षे शिकवली आणि तरी मला ती निम्मीच आली. टोकियोतल्या त्या मंडळींनी ती यंत्रात घातली होती!

मी दहा मिनिटांऐवजी तासभर ऐकले. मग विचारले, “असं काम करणाऱ्यांना घालवलं कोणी?”

हकीकत अशी. टँगो गेमवर्क्स हे घर शिंजी मिकामी ह्या नामांकित जपानी दिग्दर्शकाने २०१० साली काढले. त्याच वर्षी ते झेनीमॅक्स ह्या अमेरिकन कंपनीने घेतले. पुढे झेनीमॅक्सलाच मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतले. तो व्यवहार २०२१ च्या मार्चमध्ये पुरा झाला. ‘हाय-फाय रश’ आला २५ जानेवारी २०२३ रोजी, आणि तोही गाजावाजा न करता: ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी लोकांच्या हाती पडला. त्याचे कौतुक झाले, ध्वनियोजनेचे आणि चलच्चित्राचे मोठे पुरस्कार मिळाले. मालकांच्या एका अधिकाऱ्याने तो सर्व मापांनी यशस्वी झाल्याचे जाहीरपणे सांगितले. आणि ७ मे २०२४ रोजी टँगो बंद करण्याची सूचना निघाली. त्याच दिवशी ‘प्रे’ हा नावाजलेला खेळ करणारे टेक्सासमधले आर्केन ऑस्टिन आणि कॅनडातले अल्फा डॉग हीही घरे गेली. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या सभेत एका वरिष्ठाने, आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे लहान खेळ हवे आहेत, असे सांगितल्याची बातमी छापून आली. ज्याने ते मिळवून दिले त्याला आदल्या दिवशीच निरोप दिला होता, हे त्या गृहस्थांच्या ध्यानात असेल-नसेल.

माझ्या हसण्याची मला नंतर लाज वाटली. त्याचे कारण घरगुती आहे.

माझे वडील एका लहान संस्थानात दरबारी तबलावादक होते. आजोबा वारले तेव्हा त्यांची जागा वडिलांना मिळाली, वय सोळा. दोनच वर्षांत संस्थान विलीन झाले. दरबारच राहिला नाही, तेथे दरबारी तबला कोठला! वडील पुढे शाळेत संगीतशिक्षक झाले, लग्नाकार्यांत वाजवले, शिकवण्या केल्या. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या पन्नाशीच्या सुमारास झालेला; तेव्हा हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. एक मात्र पाहिले. दर दसऱ्याला ते ट्रंकेतून दरबारचे पागोटे काढीत, उन्हात धरीत, झटकीत आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून ठेवीत. ज्या घरचा पगार थांबून चाळीस वर्षे होऊन गेली, त्यांचा उल्लेख अखेरपर्यंत ‘आमचे सरकार’ असाच. आई कधी चिडून म्हणे, “अहो, तुमच्या सरकारांना तुमचं नाव तरी ठाऊक होतं का?” वडील म्हणत, “त्यांना नसेल. मला आहे ना!”

त्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहून मला ते पागोटे आठवले. निष्ठा ही वस्तू अशीच आहे. ज्याच्यावर ठेवायची त्याच्या वहीत तिची नोंद असतेच असे नाही.

मग मीच त्या मुलाला बसवून घेऊन ह्या धंद्याचा इतिहास विचारू लागलो, इकडून तिकडून वाचले, आणि जसजसे कळत गेले तसतसे घराण्यांच्या गोष्टी ऐकतो आहोत असे वाटू लागले. आरंभच पाहा ना. १९७० च्या दशकात अटारी ही कंपनी खेळांची सर्वांत मोठी पेढी होती. पण खेळ रचणाऱ्याचे नाव खेळावर घालण्याची तिची रीत नव्हती. माल कंपनीचा, नाव कंपनीचे. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ ह्या आपल्या खेळात कोणाला न सांगता एक गुप्त खोली ठेवली. ती सापडली की पडद्यावर त्याचे नाव उमटे. ग्रामोफोनच्या पहिल्या दिवसांत गोहरजान तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत, ते ऐकलेल्यांना ह्यातली तहान कळेल. अटारीचेच चार प्रोग्रॅमर १९७९ साली बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. तेथे रचनाकाराचे नाव ठळक छापले जाऊ लागले आणि खेळणारा दुकानात जाऊन नावाने खेळ मागू लागला. ह्या धंद्यातली रसिकनिष्ठा रुजली ती साधारण येथून.

तीच ॲक्टिव्हिजन पुढे फुगत फुगत अवाढव्य झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ती सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतली. चार महिने झाले नाहीत तो, २०२४ च्या जानेवारीत, त्या कंपनीच्या खेळविभागातून १९०० माणसे कमी केली गेली. पुढल्याच महिन्यात सोनीने ९०० कमी केली आणि लंडनचा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. सारा दोष एकाच पेढीवर टाकण्यात अर्थ नाही.

माझ्या स्वतःच्या ओळखीचे घर निघाले ते एन्सेंबल. २००० सालच्या आगेमागे, विशीत असताना, आम्ही मित्र रात्री नऊनंतर सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळत असू. लाकूडतोड्ये लावायचे, शेते काढायची, किल्ले बांधायचे. वडिलांना मी रियाजास जातो असे सांगत असे. त्या वेळी तो खेळ कोणी केला हे आम्ही कधी विचारले नाही. आता कळले की डॅलस येथल्या एन्सेंबल स्टुडिओने तो १९९९ साली केला, २००१ साली मायक्रोसॉफ्टने ते घर घेतले, आणि २००९ च्या जानेवारीत मोडले. खेळ तोट्यात नव्हते. शेवटचा खेळ हातून पुरा करून देऊन मंडळी उठली.

पण पुढची गोष्ट ऐका. घर मोडले तरी तो खेळ खेळणारे काही उठले नाहीत. त्यांच्यातल्याच काही हौशी मंडळींनी आपल्या हाताने त्याला नवी भर घातली. ती इतकी उत्तम उतरली की २०१३ साली मालकांनी तिलाच अधिकृत ठरवले, आणि फॉरगॉटन एम्पायर्स ह्या नावाने ती हौशी मंडळीच त्या खेळाची सांभाळ करणारी झाली. २०१९ साली नवी आवृत्ती आली. २०२२ साली त्यात भारतातील राजवटींचा निराळा भाग आला: हिंदुस्तानी, द्रविड, बंगाली आणि गुर्जर! ‘गुर्जर’ हे नाव बडोद्यात बसून त्या पडद्यावर वाचताना मला काय वाटले असेल, हे आपणच समजून घ्या. उस्ताद गेले, हवेली गेली, आणि दिवाणखान्याच्या दाराशी बसून ऐकणाऱ्यांनी बंदिशी जतन केल्या, असाच हा प्रकार.

लास व्हेगासच्या वेस्टवुडचेही असेच. सैन्ये लढवण्याच्या ज्या खेळांना नंतर अमाप लोकप्रियता लाभली, त्यांची चाल ह्या घराने १९९२ साली ‘ड्यून २’ मध्ये बांधून दिली. १९९८ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ते घेतले, २००३ साली बंद केले. काही जुन्या मंडळींनी तेथेच पेट्रोग्लिफ नावाचे नवे घर थाटले. सतरा वर्षांनी, २०२० साली, वेस्टवुडच्या जुन्या खेळांची नवी आवृत्ती काढण्याचे त्याच कंपनीच्या मनात आले, आणि ते काम द्यावे लागले पेट्रोग्लिफला! संगीतकारही तोच, फ्रँक क्लेपॅकी. त्याच्या जुन्या चाली इतकी वर्षे हौसेने वाजवणारा एक वाद्यवृंद होता. त्यालाच बरोबर घेऊन त्याने त्या पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या.

संगीताचा विषय निघाला आहे तर लुकासआर्ट्सबद्दल चार शब्द जास्त लिहितो. वाचकांनी शिक्षकाचा लोभ म्हणून सोसून घ्यावे. चित्रपटातले संगीत सोपे असते, कारण प्रसंग किती सेकंदांचा ते आधी ठाऊक असते. खेळात तसे नाही. खेळणारा एका खोलीत दोन मिनिटे थांबेल नाही तर दोन तास. संगीताने त्याच्याबरोबर कसे जायचे? पूर्वी एक चाल तोडून दुसरी लावीत. तबकडीवरची सुई उचलावी तसे. लुकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल ह्यांनी ‘आयम्यूज’ नावाची योजना केली आणि १९९१ साली ‘मंकी आयलंड’च्या दुसऱ्या भागात प्रथम वापरली. त्यात एक गाव आहे, मोडक्या जहाजांचे. नायक एका दुकानातून दुसऱ्यात शिरला की त्या दुकानाचे वाद्य, तेथला ढंग हळूच पुढे येतो. पण चालू वाक्य मध्येच तुटत नाही. यंत्र योग्य जागा येईपर्यंत थांबते आणि मग वळते. बाहेर आला की पुन्हा मूळ धून. गवई कधी मुखड्यावर येणार हे ठाऊक नसताना ठेका धरून बसणे आणि तो आला की त्याच्याबरोबर समेवर उतरणे, हे साथीचे मर्म ज्यांना पंचवीस वर्षे समजावून घसा बसला, त्या मला ते यंत्र ऐकून हेवा वाटला. लुकासआर्ट्स १९८२ सालचे घर. चित्रपट कंपनीसह ते डिस्नेकडे गेले आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये तेथले खेळ बनवणे थांबले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हा मुलगा ज्याला ‘फॅन’ म्हणतो तो पूर्वी घराच्या नावावर खेळ घेई; अमक्याचा आहे म्हणजे चांगलाच असणार. ती वृत्ती ओसरत चालली आहे असे तो आणि त्याचे मित्र म्हणतात. मला ते खरे वाटते, आणि कारणेही दिसतात.

एक तर नाव राहते आणि माणसे जातात. ब्लिझर्ड ह्या घराच्या नावावर एके काळी लोक रात्रभर दुकानापुढे रांगा लावीत. त्याचा स्वतंत्र मेळावा २००५ पासून भरे. त्याच मेळाव्यात २०१८ साली, वर्षानुवर्षे मोठ्या ‘डायब्लो’ची वाट पाहणाऱ्यांपुढे मोबाइलवरचा ‘डायब्लो’ जाहीर झाला, तेव्हा श्रोत्यांतल्या एकाने उठून विचारले की हा अवेळी आलेला एप्रिल फूल आहे काय? २०२० च्या जानेवारीत ‘वॉरक्राफ्ट ३’ची नवी आवृत्ती आली, तीत कबूल केलेल्या गोष्टी नव्हत्या, म्हणून लोकांनी पैसे परत मागितले. पाटी तीच, गल्ल्यावर बसणारे निराळे. आपल्याकडे एखाद्या नामांकित मिठाईवाल्याचे दुकान हात बदलते आणि बासुंदी पातळ होते, तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा जिभेला दोष देते, दुसऱ्यांदा दूधवाल्याला, आणि तिसऱ्यांदा येतच नाही.

दुसरे कारण पैशाच्या रीतीत आहे. पूर्वी मुलगा महिनोन्महिने पैसे साठवून एक खेळ घेई. तो त्याचा होई, कपाटात राही. हल्ली महिन्याची वर्गणी भरली की शेकडो खेळ उघडतात. मायक्रोसॉफ्टने ही योजना २०१७ साली आणली. काही खेळ तर फुकटच, पोशाख विकून पैसे करणारे. जे विकतच घेतले नाही त्याच्या कर्त्याचे नाव कोण लक्षात ठेवतो? रेडिओ लावला की गाणे येते. तबकडी घेणारा मात्र लेबल वाचीत असे.

आणि विकत घेतले तरी ते आपले राहील ह्याचा भरवसा नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ २०१४ साली पैसे देऊन लोकांनी घेतला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रे बंद केली आणि सर्वांचे खेळ एकदम मेले. एकट्याने खेळायचा झाला तरी चालेना. ह्यातून रॉस स्कॉट नावाच्या गृहस्थाने चळवळ उभी केली. विकलेला खेळ मारू नका, एवढीच तिची मागणी. युरोपीय संघापुढे जाणाऱ्या तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. खेळांच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ साली पाहणी केली, तीत असे दिसले की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. आपण मूकपटांच्या जळलेल्या फितींसाठी हळहळतो. हे तर कालपरवाचे आहे.

येथे घराण्यांची तुलना थोडी अडते, आणि अडते तेथेच खरी मेख आहे. आमच्या बडोद्यात गवई-वाजवणाऱ्यांच्या खात्यास ‘कलावंत कारखाना’ म्हणत. नावातच सर्व आले. पदरी बाळगलेली चीजवस्तू. तिसऱ्या सयाजीरावांच्या राज्यात त्याला नियम होते, हजेरी होती. दरबारांचा मी भाट नाही. लहर फिरली की कलावंत उघड्यावर, हे तेथेही होते. पण १९२२ साली शाहू महाराज गेले आणि अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईस राहावयास गेले, तेव्हा गायकी त्यांच्याबरोबर गेली. हा राग दरबारच्या नोकरीत असताना बांधलास, तेव्हा येथेच ठेवून जा, असे त्यांना कोणी म्हटले नाही. खेळांच्या धंद्यात नेमके तेच म्हणतात. नायकाचे नाव, चेहरा, चाल, लिहिलेली ओळ न् ओळ सारे मालकाचे.

मोनोलिथ नावाच्या घराने २०१४ साली एका खेळात अशी युक्ती केली की शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतो. मागच्या खेपेस त्याने तुम्हाला हरवले असले तर पुढे भेटल्यावर डिवचतो, तुम्ही भाजले असले तर तो डाग मिरवीत परत येतो. रसिकांनी ती डोक्यावर घेतली. मालक वॉर्नर ब्रदर्सने तिचे पेटंट घेतले, ते २०२१ साली मंजूर झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत मोनोलिथ बंद केले गेले. करणारे घरी बसले आणि युक्ती तिजोरीत. उद्या कोणी तिहाईचे पेटंट घेऊन ठेवले तर आम्ही गायन-वादन शिकवणाऱ्यांनी काय करावे?

म्हणून निष्ठा उडाली असे कोणी म्हणाले की मला त्यात दुःखाबरोबर थोडे समाधानही वाटते. आमच्या संगीतात घराणेनिष्ठेने जसे जतन केले तसे कोतेही केले. ‘आमच्यात अशी तान घेत नाहीत’ हे ऐकून कान किटले. भास्करबुवा बखले तीन घरच्या उस्तादांकडून शिकले आणि म्हणूनच भास्करबुवा झाले. पाटीऐवजी हात ओळखू लागणे ही श्रोत्याची प्रगतीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या माँपेल्ये गावातून ‘क्लेअर ऑब्स्क्यूर’ हा खेळ आला. सँडफॉल ह्या घराचा तो पहिलाच. त्याचा प्रमुख युबिसॉफ्टमधून बाहेर पडलेला. संगीतकार लोरियाँ तेस्तार ह्याने पूर्वी एकाही खेळास संगीत दिले नव्हते. इंटरनेटवर ठेवलेल्या त्याच्या चाली ऐकून त्याला बोलावले. ज्या नावाशी कोणाची निष्ठा असणे शक्यच नव्हते त्या नावाचा खेळ लाखोंनी खपला आणि वर्षअखेरीस अमेरिकेतला वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाचा मोठा पुरस्कार घेऊन गेला.

मात्र कंपन्या जेव्हा खेळणाऱ्यांच्या चंचलपणाबद्दल तक्रार करतात तेव्हा मला हसू येते. निष्ठा मागणाऱ्याने ती आधी कामकऱ्याला दाखवावी. आपल्या पुणे-मुंबईच्या मुलांकडे युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची नवी आवृत्ती सोपवली, २०२० साली ती थाटाने जाहीर केली, लोकांनी चित्रे पाहून नाके मुरडली आणि २०२२ साली काम माँट्रिअलला गेले. काम उणे असेल, मला त्यातले कळत नाही. पण पहिल्याच मैफिलीत ज्याचा आवाज लागला नाही त्याला दुसरी मैफल मिळाली नाही, एवढे कळते.

टँगोचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीने टँगो आणि ‘हाय-फाय रश’ दोन्ही घेत असल्याचे जाहीर केले. क्राफ्टन म्हणजे आमच्या गल्लीतली निम्मी पोरे मोबाइलवर जो बंदुकांचा खेळ खेळतात त्याची मालकीण. दिवाळीच्या दिवसांत पणत्यांशेजारी बसून ‘मागून येतोय, मागून!’ असे ओरडणाऱ्या पोरांच्या खिशातून टोकियोच्या त्या तालियांचा पगार निघत असेल, हा हिशेब माझ्या विद्यार्थ्याने मला मांडून दाखवला. तो आनंदला होता. पण “आता पुन्हा विश्वास?” असे विचारले तेव्हा म्हणाला, “माणसांवर, गुरुजी. पाटीवर नाही.”

त्याच्यापुढे आता स्वतःचाच प्रश्न आहे. शिक्षण झाले. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत जागा मिळते आहे. आणि दुसरीकडे तीन मित्रांनी एका खोलीत मांडलेला खेळ आहे, त्यात ह्याने ताल-संगीत करायचे, पगार नाही. वडील माझ्याकडे आले. “गुरुजी, तुमचं तो ऐकतो. त्याला समजावा. ह्या धंद्यात घरं बंद पडतात असं तुम्हीच सांगता ना?” मी सांगतो, हे खरे. त्यांना चहा दिला. काय समजावावे ते मला सुचले नाही. ज्या घरात एक पागोटे ट्रंकेत आहे त्या घरच्या माणसाने कोणत्या तोंडाने नको म्हणावे, आणि कोणत्या तोंडाने हो?

मुलाने नोकरी धरली आहे आणि रात्री ते कामही करतो. महिन्यापूर्वी तो ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आला. त्याला रूपक हवा होता, तीन लयींत, प्रत्येक आवर्तन सुटे, म्हणजे खेळात प्रसंगाप्रमाणे जोडता येईल. माझा तबला त्याला फार स्वच्छ वाटला. त्याने वडिलांची जोडी मागितली. डग्ग्याची पुडी जुनी, शाई एके ठिकाणी उडालेली, गमकेला थोडी खरखर येते. त्याला तीच पाहिजे होती. पंखा बंद करून, खिडक्या लावून, आम्ही चार तास वाजवले.

जाताना म्हणाला, “शेवटी सगळ्यांची नावं येतात. आजोबांच्या जोडीचं नाव कसं लिहू? दरबारी तबलावादक, आणि पुढे संस्थानाचं नाव?”

मी म्हटले, नुसते नाव लिही. संस्थान घालू नकोस. रात्री अकरा वाजता त्याला फोन करून सांगितले, घाल.